रीलची वर्गणी कोण भरणार?

बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’ जिंकला, तेव्हा शहरातल्या बऱ्याच घरांत त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं गेलं. गावाकडच्या पोरांना मात्र हा ‘गुलीगत’ गडी टिकटॉकच्या दिवसांपासून पाठ होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. सुमारे वीस कोटी भारतीय टिकटॉक वापरत होते. फॉलोअर, व्हिडिओ, होत असलेली थोडीफार कमाई, सगळं जिथल्या तिथे राहिलं. सूरजसारखे काही जण इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर नव्याने उभे राहिले. बाकीचे पुन्हा शेतात, गॅरेजात, कामाधंद्याला लागले.

अमेरिकेला याची चव जानेवारी २०२५ मध्ये मिळाली. टिकटॉक तिथे जेमतेम अर्धा दिवस बंद होतं, पण तेवढ्यानेही हलकल्लोळ माजला आणि एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला: आपण केलेले व्हिडिओ आणि जमवलेले प्रेक्षक एकाच कंपनीच्या कुलपात का असावेत?

या प्रश्नाचं एक उत्तर तयार होतं. विकेंद्रित समाजमाध्यमं. नाव भारदस्त असलं तरी कल्पना ई-मेलइतकी सोपी आहे. रेडिफमेलवाला जीमेलवाल्याला पत्र पाठवू शकतो, कारण दोन्ही कंपन्या एकच सामाईक नियमावली पाळतात. तशीच नियमावली समाजमाध्यमांसाठी हवी, म्हणून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ‘ॲक्टिव्हिटीपब’ मान्य केलं. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्कोने २०१६ मध्ये सुरू केलेलं मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम त्यावर चालतं, फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूबही त्यावरच चालतं. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाने स्वतःची वेगळी नियमावली काढली. ॲक्टिव्हिटीपबच्या जाळ्यात हजारो लहान-मोठे सर्व्हर, प्रत्येकाचा मालक वेगळा, पण सगळे एकमेकांशी बोलणारे. बहुतेकांचा कारभार गणेशमंडळासारखा चालतो: चार उत्साही कार्यकर्ते, थोडी वर्गणी आणि रात्रीची जागरणं.

मजकुराच्या बाबतीत हे मंडळ छान चालतं. फोटोंचंही भागून जातं. रील आली की मंडप वाकतो.

कारण साध्या गणितात आहे. मॅस्टोडॉनवर एका पोस्टला सहसा ५०० अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीतलं एकेक चिन्ह संगणकात तीन बाइट जागा घेतं, म्हणजे पूर्ण भरलेली मराठी पोस्ट झाली साधारण दीड हजार बाइटची. आता समजा, मंचरकडच्या एखाद्या घाटात बैलगाडा शर्यतीची बारी सुटली आणि कुणी ती तीस सेकंद मोबाइलवर टिपली. सेकंदाला चार मेगाबिट असा मध्यम दर्जा धरला तरी क्लिप पंधरा एमबीची होते. त्या मराठी पोस्टच्या दहा हजार पट.

आणि ही तर नुसती सुरुवात. क्लिप सर्व्हरवर पोचली की तिची दोन-तीन वेगवेगळ्या आकारांची रूपं तयार करावी लागतात. पुण्यात फाइव्ह-जी वापरणाऱ्याला एक, डोंगरातल्या वाडीत दोन कांड्या रेंज असलेल्याला दुसरं. मग प्रत्येक रूपाचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे. हे सगळं करताना महिना हजार-दोन हजार रुपये भाड्याचा सर्व्हर घामाघूम होतो आणि बाकीच्यांच्या पोस्ट रांगेत ताटकळतात. शिवाय मॅस्टोडॉनसारख्या व्यवस्थेत दुसरे सर्व्हर आपापल्या सभासदांसाठी त्या क्लिपची प्रत स्वतःकडे उतरवून घेतात. एकाने केलेली क्लिप पन्नास ठिकाणी जागा अडवून बसते.

त्यात ती गाजली तर? पंधरा एमबीची क्लिप एक लाख वेळा पाहिली गेली की दीड टेराबाइट डेटा वाहतो. अनेक होस्टिंग योजनांत महिनाभरासाठी मिळणारा कोटा एवढाच असतो. तो एका बैलजोडीने अर्ध्या मिनिटात पळवलेला असतो. कंपनीच्या ॲपवर व्हायरल होणं ही लॉटरी असते. इथे ती मंडळाच्या खजिनदाराची शिक्षा ठरते. प्रेक्षक वाढले म्हणून इथे जाहिरात येत नाही, फक्त बिल येतं.

पीअरट्यूबने यावर एक हुशार तोडगा काढला होता. व्हिडिओ पाहणाऱ्यांनी तो पाहता पाहता एकमेकांनाही पुरवायचा, म्हणजे सर्व्हरवरचा भार वाटला जाईल. दीड तासाचं व्याख्यान दोनशे जण एकाच वेळी पाहत असतील तर ही युक्ती कामी येते. पंधरा सेकंदांच्या क्लिपला मात्र ती लागू पडत नाही. ब्राउझर शेजारचा प्रेक्षक शोधून त्याच्याशी जोडून घेईपर्यंत इकडे क्लिप संपून अंगठा वर सरकलेला असतो. अंगठ्याची ही सवयही महागडीच आहे. पुढची रील क्षणात सुरू व्हावी म्हणून ॲप ती आधीच उतरवून ठेवतं; पाहणाऱ्याने ती एका सेकंदात उडवली तरी डेटा खर्च झालेलाच असतो.

पैशाचा प्रश्न सुटला असं धरलं, तरी पुढचा प्रश्न उरतो: रील दाखवायची कुणाला? टिकटॉकची खरी करामत तिथे होती. कुणालाही फॉलो न करता माणूस ॲप उघडे आणि ॲप त्याच्या मनातलं समोर ठेवी, कारण कोणती क्लिप किती सेकंद पाहिली, कुठे थांबला, काय पुन्हा पाहिलं, याची बारीक नोंद एका जागी होत असे. विकेंद्रित जाळ्यात लाइक आणि शेअर एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे जातात, पण पाहिलेले सेकंद ज्याचे त्याच्याकडेच राहतात. ते गोळा करावेत तर इथली माणसं बिथरतात. बरेच जण मुळात त्या पाळतीला कंटाळूनच इथे आलेले असतात. पाळत नको आणि मनकवडी रील मात्र हवी, अशी ही अडचण आहे.

ब्लूस्कायच्या रचनेत यातून थोडी वाट निघते. तिथे कुणालाही स्वतःची फीड बनवता येते आणि तोच प्रेक्षकवर्ग वापरून वेगळं ॲपही उभारता येतं. २०२५ मध्ये आलेलं स्कायलाइट हे त्याचं उदाहरण. अमेरिकी उद्योजक मार्क क्यूबन यांचा त्याला पाठिंबा आहे. तिथे टाकलेली क्लिप ब्लूस्कायवरही दिसते, त्यामुळे नव्या दुकानाला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक मिळतं.

सर्वांत अवघड काम मात्र वेगळंच आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. घाण उपसण्याचं.

मजकुरातली शिवी शोधायला शब्दांची यादी पुरते. व्हिडिओ कुणीतरी पाहावा लागतो. मोठ्या कंपन्या त्यासाठी हजारो माणसं आणि यंत्रणा लावतात. इथे ते काम दिवसा नोकरी करणाऱ्या एखाद्या हौशी ॲडमिनच्या गळ्यात पडतं. स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या जाळ्यातल्या सव्वातीन लाख पोस्ट तपासल्या. दोन दिवसांच्या त्या तपासणीत बालकांच्या लैंगिक शोषणाची आधीच नोंद असलेली ११२ दृश्यं सापडली. असा मजकूर दुसऱ्या सर्व्हरवरून आपोआप उतरला तरी साठतो तो ॲडमिनच्या डिस्कवर, आणि कायद्याची झळ त्यालाच लागू शकते. क्लिप काढून टाकण्याचंही तसंच. मूळ सर्व्हर ‘ही पुसा’ असा निरोप सगळीकडे धाडतो. पण तो मानायचा की नाही, हे समोरच्याच्या हातात असतं. एखाद्या मुलीची चोरून काढलेली क्लिप फिरत असेल तर ‘निरोप धाडला आहे’ हे उत्तर तिच्या काय कामाचं?

म्हणूनच ब्लूस्कायने सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिडिओ सुरू केले ते हातचं राखून. लांबी साठ सेकंद, दिवसाला पंचवीस व्हिडिओ, आणि ई-मेलची पडताळणी झाल्याशिवाय अपलोड नाही. नंतर लांबी तीन मिनिटांपर्यंत वाढवली. कॅनडातल्या डॅनियल सुपरनॉल्टने त्याच वर्षी लूप्स सुरू केलं. टिकटॉकचा मुक्त पर्याय म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण सुरुवातीला ते दुसऱ्या सर्व्हरशी जोडलेलंच नव्हतं. आधी एक अंगण झाडून घ्यायचं आणि मग दार उघडायचं, हा शहाणपणाच म्हणायचा, मग विकेंद्रितवाले शुद्धतावादी कितीही नाकं मुरडोत.

गाण्यांचं दुखणं थोडक्यात सांगता येतं. रीलचा निम्मा जीव ‘ट्रेंडिंग ऑडिओ’त असतो आणि त्यासाठी कंपन्या संगीत कंपन्यांशी करार करतात. २०२४ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकशी करार फिसकटला तेव्हा टिकटॉकसारख्या धनाढ्यालाही काही महिने त्या गाण्यांवाचून काढावे लागले. वर्गणीवर चालणाऱ्या सर्व्हरने असा करार करायचा कुठून? आणि रील करणाऱ्याला द्यायला त्याच्याकडे जाहिरातीचा पैसाही नाही. मोढव्यातल्या दुसऱ्या एखाद्या पोराला आज कुणी विचारलं, तर सगळं बिऱ्हाड तिकडे हलव असं सांगणं चुकीचंच ठरेल. आजच्या घडीला ही जाळी म्हणजे चांगलं कोठार आहे; जत्रा मात्र अजून इन्स्टाग्राम-यूट्यूबच्याच मैदानात भरते.

पण कोठारालाही मोल असतं. सहा सेकंदांच्या क्लिपांचं व्हाइन ट्विटरने २०१७ च्या सुरुवातीला बंद केलं, तेव्हा आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने तिथलं जमेल तेवढं उचलून ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्विटरचेच सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पैशांतून डिव्हाइन नावाचं ॲप जाहीर झालं. ते नॉस्टर या विकेंद्रित जाळ्यावर चालतं, आणि त्या साठ्यातल्या एक लाखाहून अधिक क्लिप त्यात पुन्हा दाखवायचं ठरलं.

कुणीतरी परक्याने आपली क्लिप जपून ठेवली असेल, या भरवशावर मात्र कुणी राहू नये. रील टाकून झाली की मूळ फाइल, वॉटरमार्क नसलेली, फोनमधून उडवण्याआधी एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.