डब्याला झरोका
दिसायला देखणा, आतून मात्र गुदमरलेला! छोट्या कॅबिनेटला मोकळा श्वास देण्यासाठी केलेल्या कापाकापीची गोष्ट

एप्रिलमधली रात्र. कोथरूडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये पंखा पाचवर, तरी अंगाला घाम. अडीचच्या सुमारास बहिणीने मला गदागदा हलवलं. "दादा, परत बंद पडला रे!"

बंद पडला होता तिचा पीसी. ती अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि चार मिनिटांची फिल्म हा तिचा फायनल प्रोजेक्ट. चार मिनिटं म्हणजे किती कमी, असं मलाही वाटायचं. पण सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर होतात ५,७६० फ्रेम. एका फ्रेमला दोन मिनिटं लागली तरी मशीन सलग आठ दिवस चालायला हवं. तिचं मशीन तापलं की हळू व्हायचं आणि तीच फ्रेम अडीच मिनिटं खायची. म्हणजे आठाचे दहा दिवस. त्यात मध्येच असा राम म्हटला, की अख्खी रात्र वाया.

आता खरी गोम ऐका. तो कॅबिनेट मीच पसंत केला होता. पैसे बाबांचे, मशीन तिचं आणि शहाणपणा माझा! "हाच घे. छोटाय, टेबलावर मावेल आणि पुढून सगळी काच. कसला भारी दिसतो!" भारी दिसतच होता. फक्त त्याला नाक नव्हतं.

अडीच बल्बांचा डबा

ज्याला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो, तो खरं तर पत्र्याचा डबा असतो. प्रोसेसर म्हणजे सीपीयू त्याच्या पोटात. बहिणीच्या डब्यात कागदावर ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १७० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आहे. बाकीचं किडूकमिडूक धरलं तर अडीचशे वॅट झाले. ही वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. जुन्या काळचे १०० वॅटचे पिवळे बल्ब आठवतायत? तसे अडीच बल्ब चपलांच्या खोक्याहून जरा मोठ्या डब्यात रात्रभर पेटवून ठेवायचे, असा हा प्रकार.

ही उष्णता हवेनेच बाहेर न्यायची असते. आमच्या डब्यात हवा शिरणार कुठून? समोर काच, काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट, वर सपाट पत्रा आणि मागे एकुलता एक पंखा. प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन थेट बंद. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. तो बिचारा जीव वाचवत होता.

दिसण्याच्या नादात फसणारे आपण एकटे नाही बरं का! अ‍ॅपलने २०१३ मध्ये मॅक प्रो आणला होता. काळा, गुळगुळीत, अवघा २५ सेंटिमीटर उंचीचा गोल डबा आणि आत एकच पंखा. जग फिदा झालं. पण ग्राफिक्स कार्डं जास्त वीज खायला लागली, तशी त्या डब्याची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडू लागली. त्या डिझाइनमुळे आपण कोपऱ्यात अडकलो, हे २०१७ मध्ये कंपनीनेच कबूल केलं. हे वाचून माझा अपराधगंड थोडा कमी झाला. बहिणीचा राग झाला नाही.

उदबत्ती आणि पाल

दुसऱ्या दिवशी पहिली चाचणी केली. तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि मशीनला अर्धा तास कामाला जुंपलं. प्रोसेसर ९४, ग्राफिक्स कार्ड ८५. मग बाजूचं झाकण काढून पुन्हा अर्धा तास. आकडे १४ अंशांनी खाली! झाकण काढल्यावर एवढा फरक पडतो, याचा अर्थ कूलर ठीक आहे, दोष डब्याचा आहे. फरक दोन-तीन अंशांचाच असता, तर कूलरवरची धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट बघावी लागली असती.

दुसरी चाचणी देवघरातून आली. खिडक्या बंद करून, खोलीतला पंखा थांबवून कॅबिनेटच्या पुढे उदबत्ती धरली. धूर आत ओढला जायला हवा ना? तो काचेवर आपटून सरळ वर निघून गेला. मागच्या पंख्याजवळ उदबत्ती नेली, तर तिथून बाहेर पडलेली गरम हवा वळसा घालून बाजूच्या फटीतून परत आत शिरत होती. स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा घेणारा डबा!

मग झाकण काढूनच का नाही ठेवायचं? ठेवलं की. समोर टेबल फॅनही लावला. तिसऱ्या दिवशी बहीण किंचाळली. ग्राफिक्स कार्डावर पाल बसली होती, मस्त ऊब घेत. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असल्याने चार दिवसांत आत सिमेंटची साय जमली, ती वेगळीच. आईने निकाल दिला, "एक तर त्याला नीट झाकण लावा, नाहीतर तो घराबाहेर काढा."

नवा कॅबिनेट घ्यायचा तर बाबांकडे पुन्हा पैसे मागावे लागणार. माझ्यात ती हिंमत नव्हती. मग ठरलं, आहे तोच कापायचा.

"यात काय शिजवता?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्या काकांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. रिकामा डबा घेऊन दोघं तिकडे गेलो. रिकामा हे महत्त्वाचं. पत्रा कापताना उडणारा लोखंडी कीस मदरबोर्डवर पडला, तर शॉर्टसर्किट झालंच म्हणून समजा. त्यामुळे आतलं सगळं सामान काढून, फोटो काढून, स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले होते.

काकांनी डबा उलटासुलटा केला. "यात काय शिजवता रे?"

"पिक्चर, काका," बहीण म्हणाली.

काका हसले, पण लगेच मुद्द्यावर आले. "भोक कुठं पाहिजे ते नीट आखून आणा. कापलेलं परत चिकटत नाही."

आखणीत आमची एक चूक थोडक्यात वाचली. वरच्या पत्र्यावर मधोमध भोक छान दिसलं असतं. पण तिथे पंखा लावला, तर पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच वर फेकली गेली असती. वरचा पंखा मागच्या बाजूला, प्रोसेसरच्या डोक्यावर हवा. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर असतं. ते मोजून पुठ्ठ्याचा साचा केला, मास्किंग टेप लावली आणि त्यावर गोल काढला. टेपमुळे आखलेलं स्पष्ट दिसतं आणि आजूबाजूचा रंगही ओरखडत नाही.

काकांनी गॉगल चढवला, आम्हाला लांब उभं केलं आणि दहा मिनिटांत गोल कापून दिला. कडा वस्तऱ्यासारख्या झाल्या होत्या. कानस माझ्या हातात देत म्हणाले, "आता हे तुझं काम. बोट फिरवल्यावर लागलं नाही पाहिजे." तासभर कानस चालवली. मग कडेला रबरी पट्टी बसवली. ती दिसतेही बरी आणि पंख्याची थरथरही थोडी खाते.

काचेच्या जागी जाळी

पुढच्या काचेचं काय? तिला भोकं पाडू, असा माझा विचार होता. बरं झालं, आधी चौकशी केली. ही टेम्पर्ड काच असते. ड्रिल लावलं की अख्खी काच क्षणात चुरा होते. ती काढूनच टाकावी लागली.

इथून पुढे बहिणीने सूत्रं हातात घेतली. आमच्या आजोळच्या वाड्यात माजघराला झरोका होता. उन्हाळ्यात दुपारी त्यातून वारा यायचा आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची नक्षी पडायची. तिने त्याच धाटणीची जाळी कॉम्प्युटरवर काढली आणि लेझर कटिंगवाल्याकडून तीन मिलिमीटरच्या काळ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून आणली. दिसायला एक नंबर! बसवली, चाचणी घेतली आणि तापमान जेमतेम चार अंशांनी उतरलं.

नक्षी इतकी नाजूक होती की मोकळी जागा एक तृतीयांशसुद्धा नव्हती. शिवाय मागे तिने मच्छरदाणीची दाट जाळी दुहेरी लावली होती. सुंदर होतं, पण पुन्हा तीच काच. ती रुसली, मग बसली आणि दुसरी जाळी काढली. कड्या बारीक, भोकं मोठी, अर्ध्याहून जास्त भाग मोकळा. मागे धुळीसाठी एकपदरी विरळ जाळी, चुंबकपट्टीने चिकटवलेली, म्हणजे दर पंधरा दिवसांनी काढून धुता येते.

जाळीमागे दोन पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर फेकणारे. त्यातही मी एक पंखा उलटा लावलाच! उदबत्तीने चोरी पकडली. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

चार पंख्यांचा कलकलाट होईल, अशी आईला भीती होती. झालं उलटंच. एकच पंखा जीव तोडून पळतो तेव्हा जास्त ओरडतो. चार पंखे निवांत फिरले तर आवाज कमी होतो.

रंगाचा किस्सा राहिला. पत्र्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारून प्राइमर दिला आणि भर दुपारी गच्चीवर स्प्रे उडवला. उन्हात रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच अर्धा वाळला आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत झाला. पुन्हा घासला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पातळ तीन हात दिले, तेव्हा कुठे मनासारखा मॅट काळा आला.

आठ दिवस, आठ रात्री

सगळं जोडून पुन्हा तीच अर्ध्या तासाची चाचणी घेतली. प्रोसेसर ७७, ग्राफिक्स कार्ड ७१. फ्रेम पुन्हा दोन मिनिटांवर. पंखे, अ‍ॅक्रिलिक, रंग आणि काकांनी घ्यायला नको म्हटलेले पण आम्ही दिलेले पैसे धरून खर्च साडेतीन हजारांच्या आत. नवा कॅबिनेटही साधारण एवढ्यात आला असता, असं कुणी म्हणेल. कदाचित. पण मग पुन्हा फोटो बघूनच घेतला असता.

रेंडर आठ दिवस चाललं. मध्ये एकदा वीज गेली, तो दोष डब्याचा नव्हे. पाचव्या रात्री पाणी प्यायला उठलो. खोलीत अंधार होता. बहिणीने आत रंगीबेरंगी दिव्यांऐवजी एकच पिवळसर एलईडी पट्टी लावली आहे. तिचा उजेड जाळीतून समोरच्या भिंतीवर पडला होता. आजोळच्या माजघरात पडायचा, अगदी तसाच. बहीण गाढ झोपली होती. महिन्याभरात पहिल्यांदाच.

कापण्याआधी हे वाचा

• आधी झाकण काढून चाचणी घ्या. आठ-दहा अंशांहून जास्त फरक पडला तरच डब्याला हात लावा.
• कापायच्या आधी आतलं सगळं सामान बाहेर. कापून झाल्यावर डबा धुऊन, पुसून, वाळवून मगच जोडा.
• पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आत घातक वीज साठलेली असू शकते.
• गॉगल आणि हातमोजे हवेतच. ग्राइंडर चालवायची सवय नसेल तर काम जाणकाराला द्या.
• पावसाळ्यात स्प्रे मारू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.
• खोलीत ३८ अंश असतील तर कुठलाही पंखा आतलं तापमान त्याखाली नेणार नाही. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर तरी जागा सोडा.