रश्श्याचे गणित

दलित आत्मकथनांनी मराठी साहित्यात भूक आणली, हे आता कुणी नाकारत नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली, उर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ साली. या लेखनाने शिळ्या तुकड्याचा आणि उष्ट्याचा हिशेब मराठी वाचकापुढे मांडला, आणि तो मांडणे भागच होते. पण भुकेच्या शेजारीच चूल होती आणि चुलीपुढे बसलेली बाई काहीतरी करीत होती. तिने काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि तसेच का केले, हा तपशील आपल्याकडे ओझरता येतो. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक काढले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली प्रसिद्ध झाले; ते मराठवाड्याच्या घरांविषयी बोलते. मी येथे किनारपट्टीवरच्या एका घरातल्या एकाच पदार्थाविषयी लिहिणार आहे. घर माझेच आहे आणि पदार्थ मटणाचा रस्सा.

गाव रेवस. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, खाडीच्या मुखावर. समोर पाण्यापलीकडे करंजा दिसतो आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते. १७ जुलै १९४७ रोजी बुडालेली 'रामदास' बोट रेवसलाच यायला निघाली होती, एवढ्यावरून पुष्कळांना गावाचे नाव ठाऊक असते. आमच्या घरात रोजचे कालवण सुक्या जवळ्याचे किंवा बोंबलाचे. मटण क्वचित. अर्धा किलो मटण आणि खाणारी आठ माणसे, हे आमच्या रश्श्याचे मूळ गणित. त्यातली प्रत्येक कृती या गणितातून निघाली आहे, चवीच्या हौसेतून नव्हे.

आधी एक परदेशी उदाहरण सांगतो. महाविद्यालयांच्या कॅन्टीनमध्ये आता पास्ता मिळतो, त्यामुळे ते विद्यार्थ्यांना दूरचे वाटणार नाही. इटलीत पास्त्याबरोबर मांसाचा दाट रस्सा खातात, त्याला रागू म्हणतात. बोलोन्या शहराचा रागू विशेष प्रसिद्ध. पेलेग्रीनो आर्तुसी याने १८९१ साली स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात बोलोन्याच्या पद्धतीची मॅकरोनी दिली आहे. तीत टोमॅटो नाही. दाटपणासाठी चिमूटभर पीठ मात्र आहे. पुढे १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटालियन पाककला अकादमीने या रागूची कृती बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे रीतसर नोंदवून ठेवली. २०२३ साली ती सुधारूनही घेतली. घराघरात आयांनी आणि आज्यांनी केलेली गोष्ट कागदावर आली आणि शहराचा ठेवा ठरली. आता १९८२ च्या त्या कागदात मांस कोणते होते ते पाहा. तीनशे ग्रॅम गोमांस, आणि तेही जनावराच्या छातीच्या व पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्याचे. हा काही राजेशाही तुकडा नव्हे. तो चिवट असतो, तासन्‌तास शिजवावा लागतो. म्हणजे तिथेही कमी मोलाच्या मांसाला मंद आचेवर वेळ देऊन मोल आणले गेले. फरक एवढाच की त्यांच्या कमी मोलाच्या तुकड्याला नोंद मिळाली.

आता आमची कृती.

आई खाटकाकडून रानाचे, म्हणजे मांडीचे, मटण कधी आणीत नसे. मान, छाती आणि नळी मागायची. लोकांना वाटते की स्वस्त म्हणून. स्वस्तपणा होताच, पण दुसरेही कारण होते. मानेत आणि नळीच्या सांध्यांत शिरा, कूर्चा, चिवट पांढरे पडदे जास्त असतात. सावकाश शिजले की हा पांढरा भाग विरघळतो आणि पाण्याला चिकट अंग येते. हाडांचे पाणी गार झाल्यावर खिरीसारखे थिजते, ते यामुळेच. ज्या पाण्याला असे अंग आहे ते आठ जणांना वाढले तरी जिभेला पाणी लागत नाही. मांडीचे लुसलुशीत मांस लवकर शिजते, पण रश्श्याला काही देत नाही.

मटणाला हळद, मीठ आणि ठेचलेले आले-लसूण लावून ठेवायचे. टोपात थोड्या तेलावर ते परतायचे आणि वर ताट झाकून ताटात पाणी ओतायचे. पाण्याचे हे ताट मला लहानपणी गूढ वाटे. मटणाची वाफ ताटाच्या गार बुडाला लागते, तिचे पुन्हा पाणी होते आणि ते टोपातच पडते. म्हणून मटण आपल्याच रसात शिजते, करपत नाही. वरचे पाणी तोवर कढत होते आणि तेच टोपात घालायला मिळते. "थंड पानी वतू नको, मटान आखडतं," असे आई अजून ओरडते. थंड पाण्याने शिजण्याची आच एकदम मोडते आणि लाकडाच्या चुलीवर ती पुन्हा धरायला वेळ जातो, सरपणही जाते. जळणाचा हा हिशेब गॅसवर शिकलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

अर्धे शिजल्यावर मसाला घालण्याआधी वाटीभर अळणी पाणी बाजूला काढायचे. ते आजाऱ्याचे, बाळंतिणीचे आणि लहान पोरांचे. त्यानंतर वाटण. तीन कांदे निखाऱ्यावर सालासकट भाजायचे, अर्धी वाटी सुके खोबरेही भाजायचे. भाजल्याने कांद्यातली साखर तांबूस होते आणि रश्श्याचा रंग तिथूनच येतो. अलिबागचा पांढरा कांदा आता भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे, पण आमच्या वाटणात तो कधी नव्हता. तो गोड आणि महाग, विकायचा कांदा. वाटणात खसखस घाला असे पुस्तकांत असते. आमच्याकडे खसखशीच्या जागी मूठभर तांदूळ, तव्यावर तांबूस भाजून, पाट्यावर बारीक वाटलेले. तांदळाच्या पिठाने तेल आणि पाणी एकमेकांना धरून राहतात, रस्सा फुटत नाही, आणि चार माणसांचा रस्सा सहा माणसांना पुरतो. घाटावर याच कामाला येसर वापरतात. आर्तुसीचे चिमूटभर पीठ इथे आठवावे.

वाटण तेलात परतताना "तेल सुटेपर्यंत" परतायचे, असे सगळ्याच बाया सांगतात. त्याचा अर्थ साधा आहे. वाटणात पाणी असेपर्यंत ते पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त तापत नाही, उकडत राहते. पाणी उडाले की तेल वेगळे दिसते आणि मगच मसाला खऱ्या अर्थाने भाजला जातो. लाल मसाला उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला. तो घातला की शिजलेले मटण, कढत पाणी आणि मंद आच. शेवटी वर लाल तवंग येतो.

मसाल्यातली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर आली. आमच्याच तालुक्यातल्या रेवदंड्याला त्यांचा कोट होता. इटलीचा टोमॅटोही अमेरिकेतून आलेला. तेव्हा 'अस्सल' आणि 'पारंपरिक' हे शब्द जपूनच वापरावेत. माझी भाची मुंबईला उरलेला रस्सा आटवून मॅकरोनीत ओतते. आईने तो प्रकार चाखला आणि मीठ कमी असल्याचे सांगितले. दुसरा आक्षेप घेतला नाही.

आता वाटपाचा प्रश्न. नेपल्सच्या रागूत मांसाचे मोठे तुकडे शिजवतात. रस्सा पास्त्यावर घालून आधी खातात आणि तुकडे वेगळे, नंतर. एकाच भांड्यातून दोन जेवणे. आमच्याकडेही एकाच टोपातून दोन जेवणे निघत, पण ती एकाच माणसाला मिळत नसत. फोडी पाहुण्याला, मग वडिलांना, मग भावांना. आई तांदळाची भाकरी रश्श्यात कुस्करायची आणि नळी चोखायची. "मला हाडूकच आवडतं," हे वाक्य आपल्या किती घरांत बायांनी म्हटले असेल! दलित कुटुंबातील स्त्रीचा प्रश्न आपण परिसंवादांतून मांडतो. पळी कोणाच्या ताटावर किती वेळ थांबते, हेही तिथे मोजले पाहिजे.

येथे काही कार्यकर्ते मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. खाण्यावर लिहिले की मेलेल्या ढोराचा विषय निघतोच, आणि ज्यातून आपण बाहेर पडलो ते पुन्हा कशाला उकरायचे? आक्षेप क्षुल्लक नाही. महाड आमच्याच जिल्ह्यात. हा जिल्हा तेव्हा कुलाबा होता, १९८१ साली रायगड झाला. १९ व २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा असे बजावले. तो आरोग्याचा किंवा सोवळ्याचा सल्ला नव्हता. मेलेले ढोर ओढणे हे गावाने लादलेले काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. मोबदला नाकारल्याशिवाय काम नाकारता येत नव्हते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही, या कामावर पाणी सोडल्याने अस्पृश्यांचे दरसाल पाचशे रुपये बुडतात, या युक्तिवादाचा त्यांनी समाचार घेतला होता.

माझ्या आजीच्या सासूने ते सोडले. आजी नांदायला आली तेव्हा घरात चान्या वाळत नव्हत्या. परंतु विळीवर मांसाची लांब पातळ पट्टी, मधे न तुटू देता, कापण्याची हातोटी सासूकडून आजीकडे आणि आजीकडून आईकडे आली. मीठ-हळदीचे प्रमाण आले. कोणता भाग किती वेळ शिजतो, हे ज्ञान आले. जे नाकारले ती वेठ होती. हातातले कसब वेठीचे नव्हते, आणि ते दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून टाकून देणे मला मान्य नाही. मृत मांस सोडणे म्हणजे मांसाहाराची लाज बाळगणे, असा अर्थ महाडच्या हाकेचा लावता येत नाही. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाचा प्रश्न म्हणून तपासला, घृणेचा म्हणून नव्हे. उलट आज दबाव दुसऱ्या बाजूने आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर असलेली बंदी २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूपर्यंत वाढली, आणि बकऱ्याचे मटण किलोला सातशेच्या पुढे गेले. गरिबाच्या ताटातले मांस आता कायदा आणि बाजार दोघे मिळून मोजतात.

शनिवार-रविवारी मांडव्याला उतरणाऱ्या मुंबईकरांसाठी आमच्या भागात 'घरगुती मटण थाळी'च्या पाट्या लागल्या आहेत. आगरी, कोळी, मालवणी अशी नावे त्यांवर असतात. आमच्या वस्तीतल्या बाया त्यांतल्या काही स्वयंपाकघरांत वाटण घाटतात. पाटीवर त्यांच्या घराचे नाव येत नाही, आणि मागायलाही कोणी जात नाही.

म्हणून गेली दोन वर्षे मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडून एक पदार्थ लिहून आणा. कृतीबरोबर हेही लिहा: मांस कुठून यायचे, किती यायचे, खाणारे किती, शेवटी कोण जेवायचे, आणि घराबाहेर या पदार्थाचे नाव काढायची लाज वाटत होती का. पहिल्या वर्षी बहुतेकांनी पुरणपोळी आणि बिर्याणी लिहून आणली. यंदा एका मुलीने आजीची वजडी लिहिली आहे. कढत पाण्यात खायचा चुना कालवून त्यात वजडी बुडवायची, काळा थर सैल झाला की चमच्याच्या कडेने खरवडायचा, पाच पाण्यांनी धुवायची, मग शिजवायची. चुना किती आणि वजडी त्यात किती वेळ ठेवायची, हे तिने लिहिलेले नाही. ते आजीला विचारून आणायला सांगितले आहे.