ट्रेडमार्कचे नूतनीकरण : दहा वर्षांची कमाई एका तारखेवर

आपल्या वस्त्यांमधून आता छोटे धंदे बरेच वाढले आहेत. कुणी मसाला-लोणच्याचा घरगुती उद्योग काढला आहे, कुणी चपला आणि चामड्याच्या पिशव्या बनवितो, कुणी अगरबत्ती-मेणबत्तीचा कारखाना चालवितो. बचत गटाच्या भगिनी पापड, शेवया, चटण्या करून विकतात. माल चांगला निघाला म्हणजे गिऱ्हाईक दुकानात येऊन नाव घेऊन मागू लागते. “अमुक नावाचा मसाला द्या” असे ज्या दिवशी गिऱ्हाईक म्हणते, त्या दिवशी त्या धंद्याची खरी मिळकत तयार झालेली असते. यंत्र जुने होते, भाड्याचा गाळा सोडावा लागतो, पण नाव राहते. या नावालाच कायद्याच्या भाषेत व्यापारचिन्ह आणि बाजाराच्या भाषेत ट्रेडमार्क म्हणतात.

ट्रेडमार्कची नोंदणी करून घ्यावी, हे आता पुष्कळांना पटले आहे. परंतु ही नोंदणी कायमची नसते, ठराविक मुदतीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दाखला आला की तो फ्रेममध्ये घालून गल्ल्याच्या वर टांगला जातो आणि त्यावरील तारखेकडे पुन्हा कुणी पाहत नाही. आम्ही नोकरीने कारकून आहोत. सुटीच्या दिवशी वस्तीतील लोक निरनिराळे कागद घेऊन आमच्याकडे येतात. त्यात असे मुदत संपलेले दाखले आम्ही पाहिले आहेत. म्हणून या विषयाची माहिती आज सविस्तर देत आहोत.

मुदत किती आणि कोठून मोजावी?

१९५८ च्या जुन्या कायद्यात नोंदणीची मुदत ७ वर्षांची होती. सध्या १९९९ चा ट्रेडमार्क कायदा लागू आहे. त्याची अंमलबजावणी १५ सप्टेंबर २००३ पासून सुरू झाली. या कायद्याप्रमाणे नोंदणीची मुदत १० वर्षांची असते. दर १० वर्षांनी नूतनीकरण करीत गेल्यास ती कितीही वेळा वाढविता येते. पेटंटचा हक्क २० वर्षांनी संपतो, ट्रेडमार्कचे तसे नाही. बापाने सुरू केलेले नाव नातवालाही वापरता येईल, अट एवढीच की प्रत्येक वेळी फी वेळेवर भरली पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही १० वर्षे दाखला हातात पडल्याच्या दिवसापासून मोजायची नसतात. अर्ज केला त्या तारखेपासून मोजायची असतात. अर्ज केल्यापासून दाखला मिळेपर्यंत कधी काही महिने, तर कधी काही वर्षेही जातात. तेवढा काळ मुदतीतून आधीच खर्च झालेला असतो.

उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या भगिनीने मसाल्याच्या नावासाठी १० जून २०१८ रोजी अर्ज केला आणि दाखला जानेवारी २०१९ मध्ये मिळाला. तिची मुदत जानेवारी २०२९ मध्ये संपणार नाही, १० जून २०२८ रोजीच संपेल. जी दाखल्याची तारीख धरून बसेल, तिची सात महिन्यांची चूक होईल, आणि सात महिन्यांची चूक म्हणजे सवलतीची पहिली पायरीही ओलांडलेली असेल. ती कशी, ते पुढे पाहू.

तीन पायऱ्या, तीन हिशेब

नूतनीकरणाचा अर्ज ‘टीएम-आर’ या नमुन्यात करावा लागतो. २०१७ च्या ट्रेडमार्क नियमांप्रमाणे फीचा हिशेब पुढीलप्रमाणे आहे.

पहिली पायरी वेळेवर भरणाऱ्यांची. मुदत संपण्यापूर्वीच्या एका वर्षात केव्हाही अर्ज करता येतो. वरील उदाहरणात १० जून २०२७ पासून दार उघडे होते. फी प्रत्येक वर्गाला ९ हजार रुपये. ही ऑनलाइन अर्जाची फी आहे. कागदी अर्ज केल्यास १० हजार रुपये लागतात.

दुसरी पायरी उशीर झालेल्यांची. मुदत संपल्यानंतर ६ महिन्यांपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात १० डिसेंबर २०२८ पर्यंत, अधिभार भरून नूतनीकरण करता येते. मूळ ९ हजार आणि वर अधिभार ४ हजार ५०० मिळून १३ हजार ५०० रुपये होतात.

तिसरी पायरी शेवटची. ६ महिनेही उलटले, पण मुदत संपून एक वर्ष झालेले नाही, म्हणजे १० जून २०२९ च्या आत, चिन्ह पुन्हा नोंदवहीत घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला ९ हजार रुपये अधिक मूळ ९ हजार, असे १८ हजार रुपये लागतात. शिवाय ही मंजुरी हक्काने मिळत नाही. तसे करणे न्याय्य आहे अशी निबंधकांची खात्री पटावी लागते.

त्यानंतर काय? त्यानंतर नव्याने अर्ज. एकट्या व्यक्तीला आणि लघुउद्योगाला नव्या अर्जाची ऑनलाइन फी ४ हजार ५०० रुपये आहे. हा आकडा पाहून काहीजण म्हणतील, “मग जुने जाऊ द्या, नवेच करू, स्वस्त पडेल.” हा हिशेब वरवरचा आहे. नव्या अर्जाला नवी तारीख मिळते आणि जुन्या तारखेचा ज्येष्ठपणा हातातून जातो. पुन्हा तपासणी होते, हरकती निघू शकतात. जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर ४ महिन्यांपर्यंत कुणीही विरोध करू शकतो. मधल्या काळात दुसऱ्याने तसेच नाव नोंदविले असेल तर मग लढाई आलीच. जुने चिन्ह काढून टाकल्यानंतर वर्षभर ते दुसऱ्याच्या अर्जाच्या आड येऊ शकते, अशी कायद्यात तरतूद आहे. पण तिलाही अपवाद आहेत आणि तिच्या भरवशावर झोपून राहणे शहाणपणाचे नाही.

आणखी एक लक्षात ठेवावे. नव्या अर्जाच्या वेळी लघुउद्योगाला फीमध्ये सवलत मिळते, तशी सवलत नूतनीकरणात नाही. उद्यम प्रमाणपत्र दाखविले तरी ९ हजारच लागतात. ही रक्कम कष्टकरी कुटुंबाला मोठी वाटेल, आणि ती मोठी आहेच. पण १० वर्षांचे १२० महिने होतात. ९ हजारांना १२० ने भागले तर महिन्याला ७५ रुपये पडतात. दरमहा ७५ रुपये वेगळे काढून ठेवले, तर तारीख येईल तेव्हा कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

वर्ग म्हणजे काय?

मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग केलेले आहेत. मसाला ३० व्या वर्गात येतो, चपला-बूट २५ व्या, चामड्याच्या पिशव्या १८ व्या, अगरबत्ती ३ ऱ्या आणि मेणबत्ती ४ थ्या वर्गात. चपला आणि पिशव्या दोन्हींसाठी एकच नाव नोंदविले असेल तर दोन वर्ग झाले, फी दुप्पट. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी शांतपणे विचार करावा. एखादा माल बनविणे केव्हाच बंद केले असेल आणि पुन्हा सुरू करण्याचा बेतही नसेल, तर त्या वर्गाची फी भरण्यात अर्थ नाही. कारण नोंदलेले चिन्ह ठराविक मालासाठी ५ वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर ते काढून टाकण्यासाठी दुसरा कुणी अर्ज करू शकतो.

नोंदणी गेली तर काय जाते?

नोंदणी चालू असताना कुणी आपले नाव चोरून माल विकला, तर आपण दाखल्याच्या जोरावर नोंदणीहक्काच्या भंगाचा दावा लावू शकतो. नोंदणी गेली की हा दावा लावता येत नाही. नकली मालाबद्दल दुसऱ्या प्रकारचा दावा करता येतो, परंतु त्यात आपले नाव बाजारात किती प्रसिद्ध आहे, किती वर्षे वापरात आहे, गिऱ्हाईक कसे फसले, हे सारे पुराव्याने सिद्ध करावे लागते. बिले, जाहिराती, हिशेबाच्या वह्या लागतात. आपल्यापैकी कितीजण दहा वर्षांची बिले जपून ठेवतात? मोठ्या व्यापाऱ्याला वकील लावणे जड नसते, हातावर पोट असलेल्याला एक तारीख म्हणजे एका दिवसाचा धंदा बुडतो. गरिबाच्या बाजूने उभा राहणारा सर्वांत स्वस्त साक्षीदार म्हणजे चालू मुदतीचा दाखला होय.

पाकिटावर वर्तुळातील ‘आर’ ही खूण छापणाऱ्यांनीही सावध असावे. ती खूण फक्त नोंदणी झालेल्या चिन्हालाच लावता येते. नोंदणी नसताना ती लावणे हा कायद्याचा भंग आहे आणि त्याला दंडाची तरतूद आहे. ‘टीएम’ ही अक्षरे मात्र नोंदणीशिवायही लावता येतात.

नोटिशीची वाट पाहू नये

मुदत संपत आल्याची नोटीस निबंधकांनी मालकाला पाठवावी, असे कायदा सांगतो. या नोटिशीच्या नमुन्याला ‘आरजी-३’ म्हणतात. अशी नोटीस न देता चिन्ह नोंदवहीतून काढता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सिप्ला कंपनीच्या प्रकरणात २०१३ साली म्हटले आहे. हा निर्णय उपयोगी आहे, पण त्याचा लाभ घेण्यासाठी आधी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. आपण ती वेळच का येऊ द्यावी?

नोटीस जाते ती नोंदवहीतील पत्त्यावर. तेथे अनेकदा एजंटाचा किंवा वकिलाचा पत्ता आणि ईमेल असतो. दहा वर्षांत एजंटाने कार्यालय बदललेले असते. आपली चाळ पुनर्विकासात गेलेली असते, फोन नंबर बदललेला असतो. पत्ता बदलल्यास ‘टीएम-पी’ नमुन्यात अर्ज करून तो नोंदवहीत बदलून घ्यावा.

याउलट काही खोट्या नोटिसाही येतात. सरकारी वाटेल असे मथळे छापून, मुदत संपल्याची भीती घालून, खासगी खात्यात पैसे भरायला लावणारी पत्रे आणि ईमेल लोकांना येतात. अशा फसव्या पत्रांपासून सावध राहण्याचा इशारा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनेही दिलेला आहे. पत्र आले तर घाबरून पैसे भरू नयेत. ट्रेडमार्क कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावर आपला अर्ज क्रमांक टाकून आपल्या चिन्हाची सद्यःस्थिती पाहावी. त्यासाठी फी लागत नाही. घरातील शिकणारी मुले हे काम सहज करून देतील. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे.

नूतनीकरणाचा अर्ज मालकाला स्वतःही करता येतो, एजंट नेमलाच पाहिजे अशी सक्ती नाही. एजंट नेमल्यास सरकारी फी किती आणि त्याचा मेहनताना किती, हे वेगवेगळे लिहून मागावे आणि सरकारी पावती स्वतःकडे ठेवावी.

आणखी एक गैरसमज दूर करू. गुमास्ता, जीएसटी, अन्न परवाना आणि ट्रेडमार्क ही चार वेगळी कामे आहेत. एकाचे नूतनीकरण केले म्हणून दुसऱ्याचे होत नाही.

दाखला कुणाच्या नावावर?

हा प्रश्न कुटुंबाचा आहे. पुष्कळ घरांत मसाला भाजते, कुटते, पाकिटे भरते ती घरची बाई, आणि दाखला असतो पतीच्या किंवा मोठ्या दिराच्या नावावर. पुढे तो माणूस वारला की कागद तसाच राहतो. ट्रेडमार्क ही मिळकत आहे, ती वारसांकडे जाते. पण नोंदवहीत वारसाचे नाव आपोआप चढत नाही. मृत्यूचा दाखला, वारसाहक्काचे कागद, इतर वारसांचे संमतीपत्र जोडून ‘टीएम-पी’ नमुन्यात अर्ज करावा लागतो. नूतनीकरणाची तारीख तोंडावर आली असताना भावा-बहिणींची संमती गोळा करणे फार कठीण जाते. जुने रुसवे त्याच वेळी वर येतात. म्हणून नाव चढविण्याचे काम दुःखाचे दिवस सरल्यावर लवकर करून घ्यावे. आणि नवा अर्ज करीत असाल तर जिच्या हाताच्या चवीवर धंदा चालतो, तिचे नाव मालक म्हणून घालण्याचा विचार घरात बसून अवश्य करावा. बचत गटानेही कुण्या एका पदाधिकाऱ्याच्या नावावर चिन्ह घेण्यापूर्वी सर्व सभासदांशी बोलावे. पदाधिकारी बदलतात, दाखल्यावरचे नाव बदलत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे ट्रेडमार्कचा दाखला आहे त्यांनी तो फ्रेममधून काढून अर्जाची तारीख पाहावी, तीत १० वर्षे मिळवावीत आणि ती तारीख तीन ठिकाणी लिहावी. एक हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर, एक घरच्या कॅलेंडरवर आणि एक मुलांच्या मोबाइलमध्ये. त्याच्या वर्षभर आधीची तारीखही लिहावी, कारण फी भरण्याचा खरा दिवस तोच समजावा. दाखला, पावत्या आणि पाकिटाचे नमुने एका फाइलमध्ये ठेवावेत आणि ती फाइल कोठे आहे हे घरातील किमान दोघांना माहीत असावे. शेजारी कुणाचा असा धंदा असेल तर हा लेख त्यांनाही वाचून दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.