किल्ल्या देण्याची किल्ली

वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर बातमीदार बातम्या भरतो, जाहिरात विभाग दर भरतो. उद्या बातमीदारानेच दर बदलले तर? असा घोटाळा संगणक कसा टाळतो, ते ‘जँगो’ या उदाहरणावरून पाहू. संकेतस्थळे उभारण्याचा हा तयार सांगाडा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका दैनिकाच्या कचेरीतच २००३ साली जन्मला आणि २००५ साली सर्वांना खुला झाला.

जँगोबरोबर नोंदी भरण्याचा प्रशासन-कक्ष आयता मिळतो. आत येण्यासाठी आपल्या खात्यावर ‘कर्मचारी’ ही खूण हवी. पण आत आलेल्याला लगेच काही करता येते असे नाही. प्रत्येक तक्त्यासाठी चार वेगळ्या परवानग्या असतात: नोंद घालणे, बदलणे, पुसणे आणि पाहणे. (‘पाहणे’ ही २०१८ साली आली. त्यापूर्वी ज्याला दाखवायचे, त्याला बदलूही द्यावे लागे!) तक्ते वीस असले तर परवानग्या ऐंशी, माणसे पन्नास असली तर चार हजार खुणा. म्हणून गट करतात व परवानग्या गटाला देतात. मात्र गटाने दिलेली परवानगी एकट्या सभासदापुरती वजा करता येत नाही.

कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ साली मांडले. प्रयोगशाळेत एका कपाटासाठी किल्ल्यांचा सबंध जुडगा हाती देण्याची सवय सर्रास दिसते. सोयीची, पण वाईट.

आता खरी मेख. खात्यांचाही एक तक्ताच असतो. समजा, नव्या बातमीदारांची खाती सांभाळण्यासाठी एका कारकुनाला तो ‘बदलण्याची’ परवानगी दिली. तो स्वतःचीच नोंद उघडतो, ‘सर्वाधिकारी’ या चौकोनात खूण करतो आणि जतन करतो. झाले! सर्वाधिकाऱ्याला जँगो कोणतीच परवानगी विचारत नाही.

मग तो चौकोन त्याच्यासाठी बंद करावा का? करावाच, गट व परवानग्यांचे रकानेही बंद करावेत. पण तेवढ्याने भागत नाही. तो सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द बदलून त्याच्या नावाने आत येईल. कारण परवानगी सबंध तक्त्याला असते, एकेका ओळीला नसते. तेव्हा या कारकुनाला कोणत्या ओळी मिळाव्यात, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठरवून वरिष्ठांच्या ओळी गाळाव्या लागतात. ही गाळणी सर्व्हरवरच हवी. पडद्यावरचे बटण नुसते लपवले, तर त्या पानाचा पत्ता हाताने टाइप करून कोणीही तेथे पोहोचतो.