दुभाषीताई येणार, तयारी कोण करणार?

बालमित्रांनो, शाळेत पाहुणे यायचे असले की आपण काय काय करतो? रांगोळी, हार, नारळ... पण खुणांच्या भाषेतल्या दुभाषीताई येणार असल्या तर? त्यांच्यासाठीची तयारी निराळीच असते. मलाही ती ठाऊक नव्हती!

झालं असं. आमच्या वळसंगला स्नेहसंमेलन होतं. एका मुलाच्या आईला ऐकू येत नाही, म्हणून सोलापूरहून ताईंना बोलावलं. मी फोनवर तारीख-वेळ तेवढी सांगितली. नाटुकल्यात एकजण म्हणाला, ''निवडणुकीत हार मिळाला की हार मिळाली?'' सगळे खो-खो हसले. ताईंचे हात मात्र थबकले. गळ्यातला हार आणि पराभव, दोन्हींच्या खुणा वेगळ्या. क्षणात कोटी जुळवणार कशी? ती आई आमच्या हसऱ्या तोंडांकडे नुसती बघत राहिली. मला फार लागलं ते.

ताई म्हणाल्या, ''बाई, कागद आधी पाठवला असतात तर काहीतरी सुचलं असतं.''

यंदा आठ दिवस आधी भाषणं, गाणी, नाटुकलं, सगळं पाठवलं. लगेच ताईंचा फोन! ''१९३७ साली बाबासाहेबांनी वळसंगची विहीर खुली केली, असं मुलीच्या भाषणात आहे. खुली म्हणजे झाकण काढलं की उद्घाटन केलं?'' मुलीनं लिहिलं होतं ते उद्घाटनाबद्दल. बघा, खूण शब्दाची नाही, अर्थाची करायची असते!

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा कोश केला. पण त्यात आपल्या मुलांची नावं कुठून असणार? ती बोटांनी अक्षर-अक्षर दाखवावी लागतात, बहुधा इंग्रजी स्पेलिंगनं. म्हणून नावांची यादीही धाडली. (अशाच दुभाष्याच्या मदतीनं कर्णबधिर वकील सारा सनी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, बरं का!)

आणखी एक. नाटकात आपण दिवे घालवतो. अंधारात हात दिसतील का? ताईंवर एक दिवा चालूच ठेवायचा. कार्यक्रम लांबला तर दोन दुभाषे लागतात, आलटून-पालटून. आणि त्या आईशी बोलताना तिच्याकडेच बघून बोलायचं, ताईंकडे नाही.

राहिली गावाच्या नावाची खूण. ''तुम्ही घरी वळसंग कसं दाखवता?'' असं ताईंनी त्या आईलाच विचारलं. तिनं हात हलवून दाखवलं, मुलांनी लगेच उचललं. मला अजून नीट जमत नाही. मुलं हसतात!