ठिपका, रेघ आणि रफार

मुलांनो, संगणक अक्षरे ओळखत नाही. त्याला फक्त अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो.

फ्रेंच भाषेत रोमन लिपीतील 'ई'च्या डोक्यावर कधी कधी तिरपी रेघ देतात. युरोपातील एका तक्त्यात अशा 'ई'चा क्रमांक २३३ आहे. भारताने १९९१ साली आपल्या लिपींसाठी 'इस्की' हा तक्ता ठरवला. त्यात २३३ म्हणजे नुक्ता! 'ज़मीन' लिहिताना 'ज'खाली देतात, तोच हा ठिपका. साहजिकच एका तक्त्यातला मजकूर दुसऱ्या तक्त्याने वाचला, की भलतेच काही उमटे.

आता बहुतेक ठिकाणी युनिकोड हा एकच तक्ता वापरतात. त्यात त्या 'ई'ने २३३ राखला, नुक्त्याला २३६४ मिळाला. दोघांचे भांडण मिटले.

टंकलेखनाचा क्रम मात्र तुम्हीच सांभाळायचा. बदलापूरच्या मांजर्लीचे नाव लिहून पाहा. रफार 'ली'च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारात 'र' आधी येतो. म्हणून 'मांज'नंतर 'र', मग हलन्त, मग 'ल' आणि शेवटी वेलांटी. वहीत आपण रफार शेवटी देतो. इथे तसे केलेत, तर गावाचे नाव 'मांजलीर्' होईल.