मोहोळाचा बंदोबस्त आणि वल्ह्यांचा व्यायाम

भिवंडीलगतच्या शेलारसारख्या गावात, जेथे यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारीच नव्या इमारतींचे मजले चढत आहेत, तेथे सज्ज्याखाली वा भिंतीच्या पोकळीत मधमाश्यांनी मुक्काम ठोकावा यात नवल नाही. नवल आहे ते याचे, की त्यांच्या निरोपाची तजवीज करताना गृहस्थ एक तर आपला नित्यक्रम साफ मोडून टाकतो, नाही तर तो यत्किंचितही न बदलता संकट ओढवून घेतो. घरात रोइंग मशीन असणाऱ्याने या दोहोंमधला मार्ग धरावा.

प्रथम माशी ओळखावी. उंच छज्ज्याखाली एकच भलेमोठे, उघडे पोळे लोंबत असेल तर ती आग्या माशी. ती पेटीत नांदत नाही, ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते, म्हणून पोळे वावरापासून दूर असेल तर तिच्या प्रस्थानाची वाट पाहणेच शहाणपणाचे. भिंतीच्या अंधाऱ्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी मात्र पेटीत सुखाने राहते. जाणता मधपाळ धूर देऊन, पोळी कापून चौकटींत बांधतो, आणि राणीमाशी पेटीत गेली की बाकीचा परिवार तिच्यामागोमाग जातो. या विद्येचे संशोधन व शिक्षण खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ साली पुण्यात स्थापन केलेल्या केंद्रीय संस्थेत चालते, आणि महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. अशा मुलखात रॉकेलचा पलिता लावून मोहोळ जाळणे हे क्रौर्य तर खरेच, शिवाय अडाणीपणाही.

हे काम बहुधा सायंकाळी, माश्या परतल्यावर करतात, आणि त्यानंतरही चुकल्यामाकल्या माश्या एखाद-दुसरा दिवस जुन्या जागेभोवती घिरट्या घालीत राहतात. खिडक्या लावून घ्याव्या लागतात, अंगणातील फेरफटका बंद पडतो, आणि अशा सक्तीच्या गृहवासात बसल्या जागी होणारा वल्हवण्याचा व्यायाम उपयोगी पडतो. परंतु यंत्र पोळ्याच्या भिंतीला लागून नसावे, कारण कंपन, माणसाचा उच्छ्वास आणि घामाचा वास यांनी माश्या चवताळतात. आणि प्रत्यक्ष पोळे काढले जात असताना व्यायाम सर्वथा तहकूब ठेवावा.

सकाळी, बंद खोलीत, वीस मिनिटे पुरेत: पहिली व शेवटची पाच अगदी संथ, मधली दहा, दर मिनिटाला अठरा ते वीस वल्ह्यांच्या गतीने. आधी पाय रेटावे, मग धड किंचित मागे झुकवावे, शेवटी हात ओढावे. परतताना हाच क्रम उलटा. बोलता बोलता धाप लागली तर व्यायाम हलका राहिला नाही असे समजावे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर वल्हे हाती धरले, २०१६ साली रिओ ऑलिंपिक गाठले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक मिळविले. त्यांची ईर्ष्या आदरणीय खरी, पण मोहोळाच्या दिवशी ती अनुकरणीय नव्हे.

याचे कारण वैद्यकीय आहे. दंश झाला तर नांगी त्वचेत रुतून विष सोडीत राहते व तिच्या गंधाने इतर माश्या धावून येतात; म्हणून आधी तेथून दूर व्हावे, नांगी तत्काळ खरवडून काढावी, आणि त्या दिवशी यंत्राला हात लावू नये, कारण विषाची तीव्र प्रतिक्रिया श्रमाने अधिक बळावू शकते. चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला वा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे.

तात्पर्य, वेळापत्रक माश्यांनी ठरवावे आणि व्यायामाने त्यात उरलेली जागा घ्यावी. जो व्यायाम एका दिवसाच्या खंडाने कोलमडतो, त्याची शिस्त मुळातच कच्ची होती.